लाभ, दोन, तीन

दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी
खैरगोंड्याच्या टेकडीवर पहिली नोंद:
वारा ईशान्येचा, मंद. ढग नाहीत.
खाली सोयाबीनच्या गंजीपाशी थ्रेशरचा धुरळा.
सात चाळीसपर्यंत आकाशात काही नाही.

दशरू मडावी दगडाला पाठ टेकून,
डोक्याला दुपट्टा, गालात खर्रा.
वणव्याच्या पहाऱ्यावर बावीस उन्हाळे काढलेला माणूस.
धूर कोणता नि धुकं कोणतं
हे मी चष्मा पुसेपर्यंत त्याला कळलेलं असायचं.

"आला," तो म्हणायचा.
कुठे विचारलं की,
"सागाच्या वाळल्या फांदीच्या वरतं, बोटभर डावीकडं."
दुर्बिणीत खरंच एक ठिपका असायचा,
हळूहळू त्याला पंख फुटायचे.
"लिहा मॅडम. लाभ."
एक म्हणत नाही तो.
खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला
म्हणत नाहीत, तसंच.
लाभ. दोन. तीन.

नियम मी पहिल्याच वर्षी वाचून दाखवले होते:
टॉवरपासून बाभळीपर्यंत एक रेषा धरायची.
उत्तरेकडून येऊन ती ओलांडली, तरच पाखरू आपलं.
घिरट्या घालतंय तोवर कुणाचंच नाही.
परत फिरलं, तर वजा.
"वजा?" दशरू हसला होता.
"परत आलेल्याले कोनी वजा करते का, बाप्पा?"
त्याच पोळ्याला त्याची रुखमा माहेरी आलेली,
एका ट्रंकेसकट.
हे मला नंतर कळलं.

काही दिवस नुसतेच जातात.
आठ तास, दोन डबे, एक घार, तीही इथलीच.
शून्य लिहायलासुद्धा दिवसभर बसावं लागतं.

आणि एक दुपार अशी,
वारुळांतून पंखवाली वाळवी उठलेली,
अडीच वाजता अमूर ससाणे आले.
आले म्हणजे काय, आभाळ खरखरीत झालं.
क्लिकर एकशे सत्त्याऐंशीवर अडकला.
मी ओरडत होते, तो शांत,
खिशातून तुरीचे दाणे काढून
दर वीस पाखरांमागे एक, दगडावर मांडत होता.
संध्याकाळी मोजले तर चौदा.
पंधरावा मुंगी ओढत नेत होती.
तोही आम्ही धरला.

यंदा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सेवाग्रामला तारीख मिळालीय, पौषातली.
तरी चढतो. माझ्या पिशवीचा पट्टा धरून,
वाटेतला प्रत्येक दगड मला सांगत.

"आला," आता मी म्हणते.
"पंख कसे धरते?"
जरा वर उचललेले.
"गवतावरून घसरते? जसं काही हरवलं त्याचं?"
हो.
"बुडाशी पांढरा पट्टा?"
थांबा... हो, आहे.
"भोवत्या. मादी हाय."
आणि त्याचा चेहरा हळूहळू वळत जातो,
पाखराच्या थोडा पुढेच.

काल एकतीस झाले.
पावणेपाचला त्यातला एक, रेषेच्या पार गेलेला,
उन्हात कललेला, परत फिरला.
मी पेन उचललं नि थांबले.
"काय झालं? बोलना बंद केलं तुमी."
एक वापस आला, दशरूभाऊ.
तो काही बोलला नाही. खर्रा थुंकला.
मी लिहिलं: एकतीस, वजा एक.
नियम तो नियम.
शेऱ्याच्या रकान्यात मात्र, बारीक अक्षरात: परत आला.

"बसला कुठं?"
तुमच्याच वावराच्या धुऱ्यावर, पळसाखाली.
खाली रुखमा कापूस वेचत होती,
कमरेचा ओटा भरून जड झालेला.
तिनं वर पाहिलं नाही, त्यानंही तिच्याकडे नाही.

"बसू द्या," दशरू म्हणाला.